जुने चित्रपट, संगीतिका आणि अल्बम : स्वतःचे मत घडवायला कोठून सुरुवात करावी

ओळखीतली तरुण मुले मला अधूनमधून विचारतात, "मावशी, जुन्या सिनेमांची आणि गाण्यांची एक चांगली यादी द्या ना." यादी देणे सोपे आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वी मीही अशाच एका यादीपासून सुरुवात केली होती. सर्वश्रेष्ठ शंभर चित्रपटांची ती यादी समोर ठेवून मी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात रोज रात्री एक चित्रपट उरकत गेले आणि चार महिन्यांनी माझ्या लक्षात आले की, त्यांपैकी एकाही चित्रपटाबद्दल मला स्वतःचे असे दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही. जे सांगता येत होते ते कोठेतरी वाचलेले होते. मग मी ती यादी बाजूला ठेवली आणि कमी पाहायचे, पूर्ण पाहायचे, आणि दुसऱ्याचे मत वाचण्याआधी आपले लिहून काढायचे, असे ठरवले. पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून आलेल्या आहेत. माझी मते यात जागोजागी येतील. ती तुम्ही स्वीकारावीत असा माझा आग्रह नाही, पण ती कोणत्या वाटेने तयार झाली हे कळले तर तुमचे चार महिने वाचतील.

सुरुवातीला जवळ असावे असे सामान

- एक जाड वही आणि पेन. मोबाईलमध्ये टिपणे करू नका, कारण तो हातात घेतला की संदेश येतात आणि लक्ष मोडते.
- कान पूर्ण झाकणारे, तारेचे साधे हेडफोन.
- ज्यावर चित्राचा आकार बदलण्याची सोय आहे असा टीव्ही किंवा संगणक.
- इंग्रजी संगीतिका (गाण्यांतून कथा पुढे नेणारी नाटके आणि चित्रपट) आणि अल्बम यांच्या गीतांचे शब्द, आधीच कागदावर छापून किंवा उतरवून घेतलेले.

तबकडी (ग्रामोफोनची रेकॉर्ड) वाजवण्याचे यंत्र सुरुवातीला मुळीच लागत नाही. ते कधी घ्यावे हे सहाव्या पायरीत सांगितले आहे.

१. पहिली कलाकृती आपल्या भाषेतली निवडा

नवा रसिक बहुधा परदेशी अभिजात चित्रपटापासून सुरुवात करतो आणि निम्मे लक्ष खालच्या अक्षरांकडे गेल्यामुळे थकतो. त्याऐवजी प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' घ्या. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, पण ही माहिती तूर्त विसरून जा आणि फक्त तुकोबांच्या बायकोकडे, जिजाईकडे पाहा. मूल आजारी पडल्यावर ही बाई थेट देवळात जाते आणि विठ्ठलाला मारण्यासाठी हातात पायताण घेते. त्या क्षणी जिजाईचे काम करणाऱ्या गौरीबाईंच्या चालण्यात, आवाजात आणि पदर खोचण्यात अभिनय वाटावा असे काहीही नाही. आपल्या गल्लीतली एखादी संतापलेली बाई वाटते. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम मला प्रिय आहे, पण माझ्या मते हा चित्रपट जिजाईने तोललेला आहे, आणि ती नसती तर भक्तीचा तो सगळा गोडवा एकसुरी झाला असता.

याच चित्रपटातला 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवले यांचा आहे. तो इतका अस्सल उतरला की अनेकांनी तो गाथेतलाच धरला. ही गोष्ट चित्रपट पाहून झाल्यावर वाचा, आधी नको. आधी कळली तर त्या गाण्याच्या वेळी तुम्ही ऐकण्याऐवजी तपासत बसाल.

दुसरा चित्रपट त्याच संस्थेचा, व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा 'कुंकू' असावा. त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज यांवरच सगळा परिणाम साधलेला आहे. हेडफोन लावण्याचे पहिले कारण हाच चित्रपट ठरेल. जरठ-कुमारी विवाहाचा विषय जुना झाला असे म्हणून तो बाजूला ठेवू नका. शांता आपटे यांच्या नीरेचा नकार आजही तितकाच टोकदार आहे.

२. वेळ आणि बैठक आधी ठरवा

नागपुरात ही पायरी फार महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पाऊस येईपर्यंत घरात कूलर चालू असतो, आणि त्याच्या घरघरीत 'कुंकू'मधली शांतता किंवा एखाद्या गाण्यातला तानपुरा पार बुडून जातो. माझा उपाय असा आहे की, उन्हाळ्यात दुपारी काहीही अभिजात लावायचे नाही. रात्री अकरानंतर खोली पुरेशी गार झाली की कूलर बंद करायचा आणि पन्नास मिनिटे ऐकायचे. एका अल्बमला एवढा वेळ पुरतो. लांब चित्रपट नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवावेत. हिवाळ्यात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात, सायंटिफिक सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात नाट्यपदांचा एखादा कार्यक्रम असेल तर तोही चुकवू नये. पद समोर बसून ऐकल्यावर ध्वनिमुद्रणात काय हरवते ते कानाला आपोआप समजते.

चित्रपट दोन बैठकांत पाहिला तरी चालतो, मात्र मध्यंतर जिथे आहे तिथेच थांबा. झोप आली म्हणून भलत्या ठिकाणी थांबवलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळत नाही.

३. कोणती प्रत पाहत आहात ते तपासा

सर्वांत जास्त नवखे येथे फसतात. आपण कलाकृतीला नावे ठेवतो आणि दोष प्रतीचा असतो.

पहिला सापळा चौकटीचा. 'संत तुकाराम'च्या काळातली चौकट रुंदीला चार तर उंचीला तीन अशी असे, आणि आजचा टीव्ही रुंदीला सोळा व उंचीला नऊ असतो. अनेक ठिकाणी जुने चित्र ताणून पूर्ण पडदा भरलेला असतो. मी स्वतः पहिल्यांदा पागनीस पाहिले तेव्हा त्यांचा चेहरा चपटा आणि खांदे अवास्तव रुंद दिसत होते, आणि जुन्या कॅमेऱ्याचाच हा दोष असावा, असे मी कितीतरी दिवस धरून चालले होते. रिमोटवर चित्राच्या आकाराची सोय असते; तेथे चारास तीन निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. त्या तशाच असल्या पाहिजेत.

याच्या उलट प्रकार 'कागज के फूल'चा. गुरुदत्त यांचा १९५९ सालचा हा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट आहे आणि त्याची चौकट आजच्या टीव्हीपेक्षाही रुंद आहे. त्याच्या काही प्रतींत दोन्ही कडा कापलेल्या सापडतात. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा प्रकाशाचा तो झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी ऊन वळवून साधला होता, आणि त्या झोताच्या दोन्ही बाजूंना असलेला अंधार हाच त्या दृश्याचा अर्थ आहे. अंधार कापला तर फक्त दोन उभी माणसे उरतात. तरीही, पूर्ण रुंदीची प्रत दोनदा पाहिल्यावर माझे मत असे झाले की, 'प्यासा' हा अधिक मोठा चित्रपट आहे. 'कागज के फूल'मध्ये दुःख आधीपासून ठरलेले वाटते, तर 'प्यासा'मध्ये ते साहिर यांच्या शब्दांतून आणि सचिन देव बर्मन यांच्या चालींतून आपल्या डोळ्यांदेखत साचत जाते.

दुसरा सापळा रंगांचा. 'मुघल-ए-आझम' १९६० साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यातला काही भागच रंगीत होता, आणि २००४ साली संपूर्ण चित्रपट रंगवून पुन्हा आणला गेला. आधी मूळ रूप पाहा. कृष्णधवल दरबारानंतर शीशमहल अचानक रंगांत उजळतो, हा धक्का सगळेच रंगीत केल्यावर नाहीसा होतो.

तिसरा सापळा कापलेल्या गाण्यांचा. चित्रपटाची मूळ लांबी आधी शोधून ठेवा आणि समोरच्या प्रतीची लांबी तिच्याशी ताडून पाहा. दहा मिनिटांहून अधिक फरक असेल तर दुसरी प्रत शोधा.

४. संगीतिकेत गाणे का आले आहे, हे विचारा

संगीत नाटकाची परंपरा आपल्याकडे १८८० सालच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून अखंड आहे, म्हणून पात्र बोलता बोलता गाऊ लागले तर मराठी माणसाला त्याचे नवल वाटत नाही. अमेरिकन संगीतिका पाहताना हा आपला मोठा फायदा आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. आपल्या नाट्यपदात गायक भाव विस्तारत जातो आणि कथा थांबते. चांगल्या अमेरिकन संगीतिकेत गाणे संपेपर्यंत पात्राने काहीतरी ठरवलेले असते. प्रत्येक गाण्यानंतर वहीत एवढेच लिहा : गाण्याआधी हे माणूस काय होते आणि नंतर काय झाले? उत्तर सापडत नसेल तर ते गाणे केवळ सजावट आहे.

सुरुवात १९५२ सालच्या 'सिंगिंग इन द रेन'ने करा. मूकपट जाऊन बोलपट येतानाची ही गोष्ट आहे आणि त्यात एका कर्कश आवाजाच्या नटीला दुसरी मुलगी पडद्यामागून आवाज देते. गंमत अशी की, आवाज देण्याच्या त्या प्रसंगातले बोलणे प्रत्यक्षात जीन हेगन यांचे, म्हणजे त्या कर्कश नटीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीचेच आहे, कारण त्यांचा स्वतःचा आवाज सुरेख होता. उसना आवाज तिकडे लपवण्याची गोष्ट समजली जाई. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'मध्ये ऑड्री हेपबर्न यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली, पण पडद्यावर त्यांचे नाव नाही. आपल्याकडेही हा अन्याय होता : १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते.

त्यानंतर एकच गोष्ट दोन रूपांत पाहा. माझ्या अनुभवात मत घडवण्याचा याहून चांगला व्यायाम नाही. 'साऊंड ऑफ म्युझिक' १९५९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९६५ साली त्याचा चित्रपट झाला. रंगमंचावर कॅप्टन, म्हणजे मुलांचा विधुर बाप, आणि त्याची वाग्दत्त वधू यांचे बिनसते ते राजकारणावरून. नाझींशी जुळवून घ्यावे असे सुचवणारे एक गाणे तिच्या आणि त्यांचा मित्र मॅक्स याच्या तोंडी आहे. चित्रपटाने ते गाणे काढून टाकले आणि ताटातूट निव्वळ प्रेमाची केली. चित्रपट मला मनापासून आवडतो, वादळाच्या रात्री मुलांना धीर देण्यासाठी त्यांना सांभाळणाऱ्या मारियाला दिलेले गाणे तेथे अधिक शोभते असेही मला वाटते, परंतु ते एक गाणे गेल्यामुळे नाझींना नकार देऊन देश सोडण्याचा कॅप्टनचा शेवटचा निर्णय हलका झाला, हे माझे मत पाच वेळा पाहूनही बदललेले नाही.

मराठीत हीच तुलना अधिक रंगते. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून अमेरिकेत 'माय फेअर लेडी' झाली आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिली. जेथे इंग्रजी नायिका एलायझा सूड घेण्याचे गाणे गाते, तेथे आपली मंजुळा छंदोबद्ध स्वगत बोलते. भक्ती बर्वे यांच्या तोंडचे ते स्वगत ऐका आणि लगेच इंग्रजी गाणे ऐका. वाद्यवृंदाची मदत नसताना केवळ मराठी शब्दांच्या ठेक्यावर तो राग पेललेला आहे, आणि या एका जागी मी निःशंकपणे मंजुळेला पुढचा क्रमांक देते.

नागपूरकरांनी 'कट्यार काळजात घुसली' तर ऐकायलाच हवे. १९६७ सालचे हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, आणि खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे लहानपणापासून याच गावात वाढलेले. आधी नाटकाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐका, मग २०१५ चा चित्रपट पाहा. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन गायकींत कसे वेगळे होते तेथे थांबा आणि दोन्ही रूपे तीन-तीन वेळा ऐका. संपूर्ण नाटक त्या दोन रूपांमधल्या अंतरावर उभे आहे. चित्रपटाने हे संगीत नव्या पिढीच्या घरी नेले याचे मला समाधान आहे, तरी वसंतरावांच्या तानेतली ती बेफिकीर झेप एकदा कानात बसली की दुसरे काही पुरत नाही.

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रणांबद्दल एक सूचना. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर वन्समोर घेत रंगणारे पद तेथे घाईने आटोपलेले असते, म्हणून त्यावरून त्यांच्या विस्ताराचे माप काढू नका. केवळ स्वरांचा लगाव ऐका. 'एकच प्याला'तली सिंधूची पदे यासाठी योग्य आहेत. ती पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी येथून जवळच सावनेरला वारले आणि नाटक त्यांच्या मागे रंगभूमीवर आले. छिंदवाड्याच्या रस्त्याने जाताना सावनेर लागले की मला सिंधूची आठवण येते.

५. अल्बम सलग आणि क्रमाने ऐका

अल्बम म्हणजे गाण्यांची पिशवी नव्हे. दीर्घ तबकडीला (एलपी) दोन बाजू असत आणि प्रत्येक बाजूवर साधारण बावीस मिनिटे मावत, म्हणून पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसरीची सुरुवात विचारपूर्वक ठरवली जाई. ॲपवर ऐकताना गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आधी बंद करा, आणि बाजू जेथे बदलते तेथे दोन मिनिटे थांबून पाणी प्या.

पहिला अल्बम मायकल जॅक्सन यांचा 'थ्रिलर' घ्यावा. १९८२ सालचा, नऊ गाण्यांचा, बेचाळीस मिनिटांचा. सगळे पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्याची चर्चा करतात. मला दुसरी बाजू श्रेष्ठ वाटते, कारण 'बीट इट', 'बिली जीन' आणि 'ह्यूमन नेचर' ही तीन गाणी लागोपाठ येतात आणि आवेश, संशय, हळवेपणा अशा उतरत्या पायऱ्यांनी आपल्याला खाली आणतात.

दुसरा कॅरोल किंग यांचा १९७१ चा 'टॅपेस्ट्री'. पूर्वी इतरांसाठी लिहिलेली दोन गाणी त्यांनी यात स्वतः, जवळजवळ बोलल्यासारखी गायली आहेत. ॲरेथा फ्रँकलिन यांनी गायलेले त्यातले एक गाणे आधी ऐका. मोठा आवाज आणि खरा आवाज यांतला फरक कळेल. बीटल्सबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही : 'सार्जंट पेपर'पेक्षा मला १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' आणि १९६९ च्या 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. 'सार्जंट पेपर' ऐकायचाच असेल तर मोनो मिश्रण (दोन्ही कानांत एकच आवाज देणारे) शोधा, कारण वादकांनी लक्ष घातले होते ते त्या मिश्रणात. आपल्या उपखंडातला पॉप हवा असेल तर नाझिया हसन आणि बिद्दू यांचा १९८१ चा 'डिस्को दीवाने' घ्या. त्यातला सुरांचा कोवळेपणा नंतरच्या नकलांना साधला नाही.

आणि 'गीतरामायण'ही याच पद्धतीने ऐका. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेली ही छप्पन गीते आपण सुटी सुटी ऐकत आलो आहोत. आठवड्याला एक याच गतीने ऐकली तर गदिमांनी वक्ता कसा बदलत नेला आहे ते दिसते.

६. तबकड्या घेण्याची घाई करू नका

सहा महिने नियमाने ऐकल्यावर इच्छा टिकली तरच यंत्र घ्या. माझी पहिली खरेदी वाया गेली : एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी अकरा तबकड्या वेष्टन पाहून घेतल्या, आणि घरी आल्यावर त्यांतल्या सात वाकलेल्या किंवा बुरशी धरलेल्या निघाल्या. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

- तबकडी वेष्टनातून बाहेर काढून डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. कड लाटेसारखी दिसली तर घेऊ नका.
- उजेडात तिरपी करा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा चालतात. नखाला लागणारा ओरखडा प्रत्येक फेरीला टक्क असा आवाज देतो.
- लेबलवरचा वेग वाचा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला वेगळी, रुंद सुई लागते. दीर्घ तबकडीची सुई तिच्यावर लावली तर दोन्हींचे नुकसान होते.
- सुटकेससारखी दिसणारी स्वस्त यंत्रे टाळा. त्यांच्या सुईचा भार जास्त असतो आणि तो कमी-अधिक करता येत नाही. दोन ग्रॅमच्या आसपास भार ठेवता येईल असे यंत्र हवे.
- यंत्र सरळ स्पीकरला जोडल्यावर आवाज अगदी क्षीण आला तर यंत्र बिघडलेले नाही. मध्ये फोनो प्रीॲम्प, म्हणजे यंत्राचा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण, लागते.

नागपूरच्या हवेत तबकड्या सांभाळण्याचे दोन नियम आहेत. मे महिन्यात त्या गाडीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, कारण उष्णतेने त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. त्याचबरोबर कूलरच्या झोतातही ठेवू नका, कारण ओलाव्याने वेष्टनाला बुरशी येते. आतल्या खोलीतल्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. पुसण्यासाठी नळाचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचांत बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड पुरते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, ते लाख विरघळवते.

७. आधी लिहा, मग वाचा

कलाकृती संपल्यावर त्याच रात्री वहीचे एक पान भरा. तारीख, कोणती प्रत, किती बैठका, आणि मग तीन गोष्टी : कोणता क्षण आठवतो, कोठे मन उडाले, आणि कोणत्या क्षणावर तुमचा विश्वास बसला नाही. "छान होते" असे वाक्य लिहू नका; कोणत्या दृश्यात, कोणत्या ओळीवर, कोणत्या स्वरावर, हे लिहा. त्यानंतरच समीक्षा उघडा. समीक्षकाचे म्हणणे पटले तर तुमचे पान खोडू नका. खाली वेगळ्या शाईने त्याचे म्हणणे नोंदवा.

वर्षभराने तेच चित्रपट आणि तेच अल्बम पुन्हा घ्या, आणि जुने पान न वाचता नवे लिहा. 'कुंकू'वरच्या माझ्या पहिल्या पानावर फक्त नीरेबद्दल लिहिलेले आहे. दुसऱ्या वेळी मी अर्धे पान तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घड्याळावर लिहिले. तिसरे पान याच हिवाळ्यात लिहायचे आहे, आणि त्यासाठी मी वहीत जागा सोडून ठेवली आहे.